आपाची पीएचडी आणि आपले दाखले

(सोलापुरातील शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलवलं तेव्हा संयोजक म्हणाले, तुम्ही सॉफ्टवेअर इंजिनीअर आहात, मुलांना करिअरवर काहीतरी सांगा. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर बोलणारे पुण्याहून पुष्कळ येतात. मला शिक्षणशास्त्रातल्या पीएचडीवर बोलू द्या. ते जरा गडबडले. तुमचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर ते होतं.

संबंध माझ्या आपाचा आहे. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांची फळांची गाडी होती. आम्ही बागवान. मला मराठी शाळेत घातलं आणि आपाला उर्दू शाळेत. त्यामागे भाषेचा काही मोठा विचार नव्हता. उर्दू शाळा गल्लीच्या तोंडाशी होती आणि मुलीला लांब पाठवायचं नव्हतं, एवढंच. गणित तिचं माझ्यापेक्षा चांगलं. माझी त्रैराशिकाची उदाहरणं तिनं शिकवली. पुढे मी इंजिनीअर झालो आणि ती डी.एड. करून उर्दू शाळेत शिक्षिका. नोकरी करता करता तिनं बी.ए. केलं, बी.एड. केलं, इतिहासात एम.ए. केलं. या सभागृहात अशा किती आपा बसल्या असतील, ते मला इथून दिसतंय.

आपा पाचवी ते सातवीला गणित शिकवते. सातवीनंतर तिची बरीच मुलं मराठी हायस्कूलला जातात आणि संध्याकाळी वही घेऊन तिच्याकडे परत येतात. आकडेमोड त्यांना येते. शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. उर्दू शाळेत मूल जमा, तफ़रीक़, ज़र्ब, तक़सीम शिकतं. हायस्कूलमध्ये त्याच्यासमोर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येतात. आपाच्या एक लक्षात आलं. ‘वजाबाकी’ मुलांना लवकर कळते, कारण ‘बाकी’ हा शब्द त्यांच्या घरातला आहे. ‘गुणाकार’ला मात्र ती थबकतात. ती मला म्हणाली, “बच्चे को हिसाब आता, हिसाब की बोली नै आती. इस पे किसी ने काम किया क्या रे?”

मी इंटरनेटवर शोधलं. ‘शोधगंगा’ नावाचं एक भांडार आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे ठेवलेले असतात, कुणालाही फुकट वाचता येतात. माध्यम बदलणाऱ्या मुलांवर काम होतं, पण तिला हवं तसं, आपल्या गावातल्या उर्दूतून मराठीत जाणाऱ्या मुलांच्या गणितावरचं, मला सापडलं नाही. मी सहज म्हणालो, “तर तूच कर.” ही २०१९ची गोष्ट. ती प्रत्यक्ष विद्यार्थिनी झाली २०२४मध्ये. मधली पाच वर्षं कुठे गेली, ते आज सांगतो, म्हणजे तुमची जाणार नाहीत.

पहिला नकार विषयाचा. आपानं २०१९मध्ये अर्ज भरला. पदव्युत्तर पदवी होती, बी.एड. होतं, शिकवण्याचा अनुभव होता. अर्ज अपात्र. कारण शिक्षणशास्त्रात पीएचडी करायची तर पदव्युत्तर पदवी त्या विषयातली हवी, म्हणजे एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातली एम.ए. बी.एड. ही पदव्युत्तर पदवी धरत नाहीत. आपल्याकडे ‘डबल ग्रॅज्युएट’ शिक्षक पुष्कळ आहेत आणि आपल्याला सगळी दारं उघडी आहेत असं त्यांना वाटतं. इतिहासात एम.ए. असेल तर इतिहासाचं दार उघडतं. शिक्षणशास्त्राचं उघडत नाही. एखादं विद्यापीठ संलग्न विषय मान्य करतं, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी ते पान वाचा. आम्ही पैसे भरल्यावर वाचलं.

आपानं हार मानली नाही. मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. पीएचडी मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं करता येत नाही. कुणी घरबसल्या पीएचडीची जाहिरात दाखवली तर तिथून उठा. एम.ए.ची दोन वर्षं करोनात गेली. दिवसा मोबाईलवरून शाळा, रात्री स्वतःचे स्वाध्याय, शेजारच्या खोलीत आजारी सासू. निकाल लागला, ५३.८ टक्के. आम्ही पेढे वाटले. दुसरा नकार त्या पेढ्यांतच होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर पदव्युत्तरला ५५ टक्के गुण लागतात. नव्या पद्धतीची चार वर्षांची पदवी असेल तर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी चालते, तिलाही ५५च. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं तर त्या पदवीला ७५ टक्के हवेत. आणि अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमी लेअरमधले ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे ५५च्या जागी ५०.

२०२३मध्ये आपाचा अर्ज परत आला. शेरा एकच, अपात्र. आमच्या क्षेत्रात प्रोग्राम अडला तर निदान कुठल्या ओळीत अडला ते सांगतो. इथे मीच रात्री बसून नियम आणि अर्ज ओळीला ओळ लावून पाहिला. गुण ५३.८. प्रवर्गाच्या रकान्यात ‘खुला’. तो रकाना मीच भरला होता.

आता जे सांगतोय ते थोडं कडू आहे. बागवान महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन-जुलाहा असे आपले कितीतरी समाज त्या यादीत आहेत. मला हे माहीत नव्हतं का? अर्धवट माहीत होतं. कॉलेजात असताना मी दाखल्याचा विषय काढला होता. तेव्हा दादी म्हणाली होती, “अपने में जात-बीत नै रहती. सरकार के सामने जात बोलते क्या?” अब्बांनी मान डोलावली. मला चांगले मार्क होते, माझं अडलं नाही आणि मी तो विषय तिथेच सोडला.

दादीचं म्हणणं मनापासूनचं होतं. नमाजाच्या रांगेत जात विचारत नाहीत, हे खरं आहे. पण आमच्या घरात आपाच्या लग्नाच्या वेळी बागवानांबाहेरची दोन चांगली स्थळं का नाकारली, तेही मला आठवतं. म्हणजे सोयरिकीला जात होती आणि दाखल्याला नव्हती. त्या एका न काढलेल्या कागदापायी आपाचं एक वर्ष गेलं. चूक विद्यापीठाची नव्हती. आमच्या घराची होती, आणि घरातला सगळ्यात जास्त शिकलेला माणूस म्हणून माझी होती.

मग दाखल्याची धावपळ सुरू झाली. ओबीसीच्या जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. आपाच्या आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फक्त ‘मुस्लिम’. अब्बांच्या दाखल्यावरही तेच. सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला, आजोबांचं काही बघा. आजोबा नगरपालिकेच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते, एवढं दादी सांगायची. त्या शाळेतल्या लिपिक बाईंनी दोन दिवस घालून जुनं रजिस्टर काढलं. पानं हाताला लागून तुटत होती. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आणि जातीच्या रकान्यात कुण्या गुरुजींनी बोरूनं लिहिलेलं, ‘मुसलमान बागवान’. त्या उताऱ्यावर प्रांत कार्यालयातून आपाचा दाखला निघाला. मग नॉन-क्रिमी लेअर. तिथे आणखी एक गैरसमज निघाला. आपाला वाटत होतं, नवऱ्याचा पगार मोजतील. विवाहित स्त्रीच्या बाबतीतही नॉन-क्रिमी लेअर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं आणि दाखला माहेरच्या जातीचा असतो. बहिणींनो, हे लिहून घ्या. आणि दोन गोष्टी तपासा. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्राला मुदत असते. राज्याची ओबीसी यादी आणि केंद्राची यादी वेगवेगळी आहे, त्यामुळे केंद्रीय परीक्षेला केंद्राच्या यादीत नाव आहे का ते पाहायचं. ज्यांचा समाज कुठल्याच यादीत नाही, त्यांनी उत्पन्न बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र काढावं. ते मुसलमानांनाही मिळतं.

पात्रता झाली की प्रवेशपरीक्षा. इथे दोन वाटा आहेत. एक नेट. २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिल्या गटाला फेलोशिप, सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी तिन्हींसाठी पात्रता मिळते. दुसऱ्याला प्राध्यापकपद आणि पीएचडीसाठी, तिसऱ्याला फक्त पीएचडीसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशाला एक वर्ष चालतात. फेलोशिपला वयाची अट आहे, सहायक प्राध्यापक आणि पीएचडीच्या पात्रतेला नाही. म्हणून चाळिशीतल्या शिक्षिकेनं ‘आता वय गेलं’ असं म्हणू नये. दुसरी वाट विद्यापीठाची स्वतःची परीक्षा, जिला आपण ‘पेट’ म्हणतो. त्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर, निम्मे विषयावर. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के, सवलतीच्या प्रवर्गांना ४५. निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. विद्यापीठ या वर्षी कुठली वाट धरणार आहे, ते जाहिरातीत पाहायचं.

एक अडचण उघड बोलू. नेटमध्ये शिक्षणशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. मराठी आणि उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना तो विषयामुळे नाही, शब्दांमुळे जड जातो. म्हणजे आपाच्या सातवीच्या मुलांचं जे होतं, तेच त्यांच्या बाईंचं होतं. आपानं एक वही केली. एका बाजूला इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूला मराठी, तिसऱ्या रकान्यात उर्दू. न्यादर्श, चल, परिकल्पना, विश्वसनीयता. सहा महिने ती वही स्वयंपाकघरात डब्यांवर उघडी असायची. ‘पेट’मध्ये ती उत्तीर्ण झाली.

मुलाखतीत तिला विचारलं, नोकरी, घर, मुलं आणि पीएचडी, सगळं जमेल का? तिच्या आधी आत गेलेल्या दोन पुरुष शिक्षकांनाही घर होतं, मुलं होती. त्यांना हा प्रश्न आला नव्हता. आपा म्हणाली, “सर, आत्तापर्यंत जमलंय. आता मला प्रश्नाचं उत्तर शोधायचंय, तेवढी परवानगी द्या.” मग तिनं वजाबाकीची गोष्ट सांगितली. समितीतल्या एक बाई पुढे वाकून ऐकू लागल्या. आज त्याच तिच्या मार्गदर्शक आहेत.

मार्गदर्शक मिळणं हीही एक अट समजा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा नसते. अर्ज करण्याआधी कोणाकडे जागा आहे आणि त्यांचा अभ्यासविषय काय, ते बघा. उर्दू माध्यमातून शिकायचं असेल तर हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ शिक्षणशास्त्रात पीएचडी देतं, तेही लक्षात ठेवा.

नोकरदारांसाठी २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी आहे. त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. नुसतं ‘हरकत नाही’ पुरत नाही. कामातून संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. आपाच्या संस्थेनं ते द्यायला चार महिने लावले. आपल्या संस्थांचे पदाधिकारी इथे बसलेत म्हणून सांगतो. त्या कागदावर तुमचा एक रुपया खर्च होत नाही.

प्रवेशानंतरची वाट अशी आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात संशोधनाच्या नीतिमत्तेचा एक विषय सक्तीचा, आणि किमान ५५ टक्के हवेत. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे काय काम झालं ते मांडायचं. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षं जास्त, एकूण दहापर्यंत. स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा मिळू शकते. लग्नानंतर किंवा आणखी कशामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचीही तरतूद आहे. ‘लग्न झालं, पीएचडी सुटली’ हे वाक्य आपण नशिबाच्या खात्यात टाकतो. नियमात त्यावर उपाय लिहिलेला आहे.

शेवटी प्रबंध. आधी शोधनिबंध छापल्याची जी सक्ती होती, ती २०२२च्या नियमांत राहिलेली नाही. पण चौर्य-तपासणी कडक आहे. २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मग मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात आणि खुली मौखिक परीक्षा होते. ‘रेडिमेड प्रबंध करून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. आपालाही एक जण भेटला. ती म्हणाली, “मेरे बच्चों का जवाब उसके कने कहाँ से आएगा?”

पैशाचं बोलल्याशिवाय संपवता येणार नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारनं २०२२-२३पासून बंद केली. इतर योजनांशी ती एकमेकांवर येते, असं कारण दिलं गेलं. ती मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन या सगळ्यांसाठी होती. आपाला पगार होता म्हणून ती तरली. नोकरी नसलेल्या मुलीनं काय करायचं? तिनं नेटची फेलोशिप गाठायची. २०२३पासून ती महिन्याला ३७,००० रुपये आहे. दाखला असेल तर ओबीसीसाठीच्या महाज्योतीसारख्या संस्थांच्या जाहिराती पाहायच्या. आणि बंद झालेल्या फेलोशिपचा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना विचारत राहायचा. तो निवडणुकीपुरता विषय नाही.

कुणी म्हणेल, एवढं करून मिळतं काय? फक्त नोकरीसाठी करणार असाल तर नीट विचार करा. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाला किमान पात्रता नेट, सेट किंवा स्लेट आहे, पीएचडी ऐच्छिक. आपा प्राध्यापक होईलच असं नाही. आज ती मराठी हायस्कूलमध्ये जाऊन, पालकांची लेखी संमती घेऊन, मुलांना उदाहरणं देते आणि मूल कुठल्या शब्दावर थांबलं ते टिपते. आपली मुलं गणितात कच्ची, असं सगळेच म्हणतात. आपणही म्हणतो. ती कुठे अडतात हे बघायला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. ती बसली आहे.

मी तुमच्याकडे एकच काम मागायला आलोय. महिन्यातून एक रविवार, एक टेबल आणि चार खुर्च्या. तिथे पदवीधर मुलामुलींनी आपली गुणपत्रकं, शाळेचे दाखले, आजोबांचे उतारे घेऊन यायचं आणि आपण बसून पाहायचं, कोणाला कुठलं दार उघडं आहे आणि कुठला कागद कमी आहे. पहिल्या रविवारी मी पुण्याहून येतो. आपाही येईल, संज्ञांची वही घेऊन. आज घरी गेल्यावर दादा-दादींना एवढंच विचारा, तुम्ही कुठल्या शाळेत होता? त्या शाळेचं रजिस्टर अजून असेल. पण त्याची पानं तुटतायत.